वाचता न येणाऱ्या माणसाची तीन हजार पानं

दुसऱ्या महायुद्धावरची पुस्तकं वाचताना एक गोष्ट नेहमी होते. एक नकाशा असतो, त्यावर लाल-निळे बाण असतात आणि खाली "अमुक आर्मीने तमुक नदी ओलांडली" असं एक वाक्य असतं. आपण ते वाक्य वाचतो आणि पुढच्या बाणाकडे वळतो. या शनिवार-रविवारी अशाच एका वाक्याच्या पोटात शिरायचा विचार आहे. नदीचं नाव वोर्या, तारीख २ मार्च १९४३, आणि ती नदी ओलांडणाऱ्यांपैकी एकाचं नाव लेव झासेत्स्की. वय तेवीसच्या आसपास.

त्या दिवशी त्याच्या डोक्यात गोळी घुसली. त्यानंतर हा माणूस पन्नास वर्षं जगला. त्यातली पंचवीस वर्षं तो एकच काम करत होता... आपल्याला नक्की काय झालंय ते लिहून काढायचं. तीन हजाराच्या आसपास पानं लिहिली त्याने. गंमत (खरं तर गंमत कसली!) अशी, की स्वतः लिहिलेलं त्याला धड वाचता येत नव्हतं.

सुरुवातीपासून सांगतो.

थर्ड इयर संपलेलं

झासेत्स्कीचा जन्म १९२० चा. वडील तो अगदी लहान असताना गेले, आईने कष्ट करून मुलं वाढवली. पोरगा हुशार. शाळेत चांगले मार्क मिळवून तूला शहरात इंजिनिअरिंगला गेला. (हो, गावाचं नाव खरंच 'तूला' आहे. मॉस्कोच्या दक्षिणेला, बंदुका आणि सामोवार यांच्यासाठी प्रसिद्ध.) १९४१ च्या उन्हाळ्यात त्याचं तिसरं वर्ष संपलं होतं आणि कारखान्यात प्रॅक्टिकल ट्रेनिंग सुरू व्हायचं होतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा टप्पा माहीत आहे. एक वर्ष राहिलंय, मग डिग्री, मग नोकरी, मग आईला जरा सुखात ठेवू... डोक्यात हीच गणितं चालू असतात.

२२ जून १९४१ ला हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि सगळी गणितं बंद पडली.

सोव्हिएत रशियात लष्करी सेवा सक्तीची होती. १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे जर्मनी पोलंडमध्ये घुसली नेमक्या त्याच दिवशी, तसा नवा कायदा तिथे मंजूर झाला होता. सैन्यात जायचं की नाही हा प्रश्न कुणी कुणाला विचारतच नव्हतं. युद्ध संपेपर्यंत लाल सेनेच्या गणवेशात जाऊन आलेल्यांची संख्या जवळजवळ साडेतीन कोटी भरते. त्यातले ८६ लाखांहून जास्त परत आले नाहीत, आणि सुमारे २५ लाख लोकांना अपंग म्हणून घरी पाठवलं गेलं. हे सरकारी आकडे आहेत. आपला झासेत्स्की या तिसऱ्या आकड्यातला एक.

त्याला इन्स्टिट्यूटमधून उचलून लष्करी प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून अधिकारी होऊन तो पश्चिम आघाडीवर गेला. हाताखाली फ्लेमथ्रोअर, म्हणजे आगीचा फवारा मारणाऱ्या यंत्रांची एक प्लाटून होती.

२ मार्च

त्या आठवड्यात आघाडीवर काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. मॉस्कोच्या पश्चिमेला दोनशेएक किलोमीटरवर व्याझ्मा नावाचं शहर आहे. र्झेव्ह ते व्याझ्मा या भागात जर्मन फौजांनी मॉस्कोच्या दिशेने एक मोठा फुगवटा धरून ठेवला होता आणि तो मोडताना रशियन सैनिक लाखोंनी पडले होते. स्टालिनग्राडला २ फेब्रुवारी १९४३ ला जर्मनांनी शरणागती पत्करली. त्यानंतर हा फुगवटा धरून ठेवण्यात काही अर्थ उरला नाही, म्हणून १ मार्चपासून जर्मनांनी स्वतःहून माघार घ्यायला सुरुवात केली. या माघारीला त्यांनी नाव दिलं होतं 'ब्युफेल', म्हणजे म्हैस. १२ मार्चला व्याझ्मा रशियनांच्या ताब्यात आलंसुद्धा.

म्हणजे झासेत्स्कीच्या प्लाटूनला गोठलेली वोर्या ओलांडून समोरच्या काठावरच्या जर्मनांवर तुटून पडायचा हुकूम मिळाला, तेव्हा शत्रूचं सामान बांधणं सुरू झालेलं होतं. पण काठावरच्या मशिनगनवाल्याला त्याने काही फरक पडत नाही. गोळी डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर आणि जरा मागे लागली. हेल्मेट फोडून आत गेली. तो बराच काळ बेशुद्ध होता. आघाडीजवळच्या हॉस्पिटलमध्ये लगेच उपचार झाले, जीव वाचला. पण जखम चिघळली, मेंदूला सूज आली, आतमध्ये वण तयार झाले आणि त्या वणांनी आजूबाजूचा भागही खाल्ला.

मग एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असं करत तो पूर्वेकडे सरकत गेला. मे महिन्याच्या शेवटी एका पुनर्वसन हॉस्पिटलमध्ये त्याची गाठ अलेक्सांद्र लुरियाशी पडली.

लुरिया तेव्हा चाळिशीचा. मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर, दोन्ही. युद्ध सुरू झाल्यावर त्याने उरल पर्वताच्या दक्षिण भागात, किसेगाच नावाच्या तळ्याकाठच्या ठिकाणी, मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी सुमारे ४०० खाटांचं हॉस्पिटल उभं केलं होतं. मेंदूचा कुठला भाग काय काम करतो, याबद्दल आज जे पाठ्यपुस्तकात शिकवतात त्यातलं बरंच काही त्या खाटांवरच्या पोरांकडून कळलेलं आहे. वाईट वाटतं, पण खरं आहे.

काय काय गेलं

समोरच्या तरुणाचे हातपाय शाबूत होते. चेहरा नीट. प्रश्न विचारला की तो प्रयत्न करायचा, कपाळाला आठ्या पडायच्या, घाम यायचा. उजवा हात वर कर म्हटलं तर उजवा कुठला हे ठरवायलाच त्याला बराच वेळ लागायचा.

हळूहळू नुकसानीची यादी तयार झाली. दोन्ही डोळ्यांनी त्याला समोरच्या दृश्याचा उजवा अर्धा भाग दिसत नव्हता. उरलेला डावा भागही अखंड नव्हता, तुकड्यातुकड्यात दिसायचा. स्वतःच्या शरीराचा उजवा भाग 'आहे' हे त्याच्या लक्षात राहायचं नाही. कधी वाटायचं पाय गायब झालाय, कधी वाटायचं डोकं टेबलाएवढं मोठं झालंय. खाटेवर पडल्या पडल्या बेडपॅन हवं असायचं आणि शब्द आठवायचा नाही. हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये हातात सुई-दोरा दिला, तर या दोन वस्तूंचं करायचं काय हे त्याला समजेना. घरी गेल्यावर लाकडं फोडायला कुऱ्हाड घेतली तर घाव भलतीकडेच. फिरायला बाहेर पडला की स्वतःच्याच गावात हरवायचा. पाढे गेले. वाचन तर पूर्णच गेलं. इंजिनिअरिंगची तीन वर्षं शिकलेल्या माणसाला एकही अक्षर ओळखू येत नव्हतं.

सर्वात विचित्र नुकसान भाषेचं होतं, आणि आमच्या धंद्यातल्या लोकांना ते लगेच कळेल. लुरिया त्याला दोन शब्दगट द्यायचा. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील'. झासेत्स्कीला 'वडील' म्हणजे काय हे माहीत होतं, 'भाऊ' म्हणजे काय तेही माहीत होतं. पण या दोन गटांत फरक काय, हे काही केल्या उलगडायचं नाही. एक काका आणि एक बाबा, इतकं सोपं! मराठीत हा सगळा खेळ त्या चिमुकल्या 'चा' आणि 'चे' वर चालतो. रशियनमध्ये तो शब्दांच्या शेवटावर चालतो. 'हत्ती माशीपेक्षा मोठा' आणि 'माशी हत्तीपेक्षा मोठी' यातलं बरोबर कुठलं? त्याला हत्ती आठवायचा, माशी आठवायची, पण 'पेक्षा' हे प्रकरण हातातून निसटायचं.

थोडक्यात, डिक्शनरी बऱ्यापैकी शिल्लक होती आणि पार्सर उडाला होता. शब्द होते. शब्दांमधलं नातं जुळवणारी जागा जळून गेली होती. डाव्या मेंदूच्या मागच्या बाजूचा हा भाग, जिथे पाहिलेलं, ऐकलेलं आणि स्पर्शाने कळलेलं एकत्र येतं, तोच डावं-उजवं, वर-खाली, बेरीज-वजाबाकी आणि व्याकरण यांनाही लागतो. लुरियाच्या मते ही सगळी वरवर वेगळी दिसणारी कामं आतून एकाच जातीची आहेत. अनेक गोष्टी एकाच वेळी मनात धरून त्यांचा परस्परसंबंध बघायचा, हे ते काम.

काय उरलं

गोळीने मेंदूचा पुढचा भाग, कपाळामागचा, अजिबात शिवलेला नव्हता. माणूस ठरवतो, बेत आखतो, आपण चुकतोय का ते तपासतो, ते या भागाच्या जिवावर. लुरियाने असेही रुग्ण पाहिले होते ज्यांचा नेमका हाच भाग गेला होता. ते बघू शकत, बोलू शकत, वाचू शकत. पण त्यांना काही करावंसं वाटत नसे, आणि आपलं काही बिघडलंय याची खंतही नसे.

झासेत्स्कीचं बरोबर उलटं. त्याला रोज, प्रत्येक मिनिटाला, आपण काय गमावलंय याची पूर्ण जाणीव होती. मला हा भाग वाचताना कळेना की याला नशीब म्हणायचं की शिक्षा. आपलं घर पडलंय हे दिसतंय, पुन्हा बांधायची इच्छा शाबूत आहे, आणि वीट म्हणजे काय तेच समजत नाही. पण त्या उरलेल्या इच्छेवरच पुढची सगळी गोष्ट उभी आहे.

तो पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करतो. लहान मुलासारखं प्रत्येक अक्षर ओळखीच्या एखाद्या शब्दाला बांधायचं. एखादं अक्षर आठवत नसेल तर पहिल्यापासून सगळी म्हणत म्हणत तिथपर्यंत यायचं. (लिंक्ड लिस्ट! मधूनच उडी मारायची सोय नाही.) वाचताना एका वेळी दोन-तीन अक्षरं दिसायची. रशियन डावीकडून उजवीकडे वाचतात आणि याची उजवी बाजू आंधळी, त्यामुळे पुढचं अक्षर कायम अंधारात. तिथपर्यंत पोचेपर्यंत आधीचं अक्षर डोक्यातून गेलेलं असायचं. शेवटपर्यंत त्याचं वाचन असंच, अक्षर अक्षर खणत चाललेलं राहिलं.

लिहिण्याचंही तसंच व्हायचं. अक्षर आठव, त्याचा आकार आठव, पेन्सिल कशी धरायची ते आठव. आणि मग एके दिवशी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी त्याला वेगळंच काहीतरी करायला सांगितलं. अक्षरांचा विचार करू नकोस, हात न उचलता शब्द एका दमात लिहून टाक. शब्द होता 'क्रोव्ह', म्हणजे रक्त. त्याने तो काही वेळा तोंडाने म्हटला, पेन्सिल घेतली आणि भर्रकन लिहिला. आपण काय लिहिलंय हे त्याला वाचता आलं नाही. पण लिहिलेलं बरोबर होतं!

हे कसं? तुम्हाला ऑफिसच्या मशीनचा पासवर्ड कुणी तोंडी विचारला तर क्षणभर आठवत नाही. कीबोर्डवर बोटं ठेवली की आपोआप पडतो. सहीचंही तेच. हजारो वेळा केलेली कृती सुट्या भागांची राहत नाही, तिची एक सलग सुरावट होते. लुरिया याला हालचालींची सुरावटच म्हणायचा. ही सुरावट मेंदूत दुसऱ्या ठिकाणी राहते, आणि ते ठिकाण वाचलं होतं. वाचनाचा दरवाजा बंद होता, लिहिण्याची खिडकी उघडी निघाली.

पंचवीस वर्षं

हॉस्पिटलमधून तो घरी, तूला प्रांतातल्या त्याच्या गावी आला. आई आणि बहिणी होत्या. इंजिनिअर होणं संपलं होतं. सोव्हिएत व्यवस्थेत अपंगांचे तीन गट असत आणि माणूस कितपत काम करू शकतो यावर गट ठरायचा. पाय तुटलेला माणूस दिसतो तरी. याचं तुटलेलं कुणाला दिसणार होतं?

त्याने ठरवलं की आपल्याला काय झालंय ते लिहायचं. दोन कारणं होती. लिहिता लिहिता विस्कटलेली स्मृती थोडी जागेवर येईल, आणि डॉक्टरांना उपयोग होईल, म्हणजे पुढच्या एखाद्या जखमी माणसाला होईल.

लिहिण्याची पद्धत ऐका. आधी मनात कल्पना यायची. तिच्यासाठी शब्द शोधायचे, एकेक शब्द सापडेल तसा चिठोऱ्यावर टिपून ठेवायचा, कारण दुसरा सापडेपर्यंत पहिला हरवणार. पुरेसे शब्द जमले की त्यांचं वाक्य जुळवायचं. ते पुस्तकातल्या वाक्यांशी ताडून बघायचं, की वाक्य असंच असतं ना? मग वहीत लिहायचं. पुढच्या वाक्याला येईपर्यंत मागच्या वाक्यात काय म्हटलं होतं ते गेलेलं. मागे जाऊन वाचायचं तर पुन्हा अक्षर अक्षर. कधी दिवसभर बसून जेमतेम काही ओळी व्हायच्या. डोकं दुखायचं, चक्कर यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

साधा हिशोब केला. पंचवीस वर्षं म्हणजे नऊ हजारांच्या वर दिवस. तीन हजार पानं भागिले नऊ हजार दिवस. रोजचं पाव ते अर्धं पान, त्याच्या मधे कुठेतरी. आपल्याकडच्या कुठल्याही अप्रेझलमध्ये हा माणूस पहिल्या महिन्यात नापास झाला असता. आणि तरीही मेंदूच्या अशा जखमेचं इतकं बारकाईने, आतून केलेलं दुसरं वर्णन मिळणं मुश्कील आहे. हे काम धडधाकट माणसाला करताच आलं नसतं.

लुरियाने त्याची पाठ सोडली नाही. जवळजवळ तीस वर्षं तो त्याला भेटत, तपासत, पत्रं लिहीत राहिला. १९७१ मध्ये त्याने झासेत्स्कीच्या वह्यांमधले उतारे आणि मधेमधे स्वतःचं स्पष्टीकरण असं एक छोटं पुस्तक काढलं. रशियन नावाचा अर्थ 'हरवलेलं आणि परत मिळालेलं जग'. पुढच्याच वर्षी ते इंग्रजीत 'द मॅन विथ अ शॅटर्ड वर्ल्ड' म्हणून आलं. ऑलिव्हर सॅक्सची पुस्तकं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असतील. रुग्णाची गोष्ट माणसाची गोष्ट म्हणून सांगायची ही तऱ्हा सॅक्सने लुरियाकडूनच उचलली आणि तसं मोकळेपणाने सांगितलंही.

त्या दोन नावांकडे मात्र जरा थांबून बघायला हवं. रशियन नावात जग 'परत मिळालेलं' आहे, इंग्रजी नावात ते 'विस्कटलेलं' आहे. खरं कुठलं? तपासणीच्या कागदावर बघाल तर इंग्रजी. पंचवीस वर्षांनंतरही उजवी बाजू दिसत नव्हती, 'भावाचे वडील' म्हटलं की गोंधळ उडायचाच, वाचन तसंच रखडत होतं. ज्याला आपण 'बरं होणं' म्हणतो, तसा तो कधीच बरा झाला नाही. मेहनत केली की सगळं परत मिळतं, असल्या प्रेरणादायी फॉरवर्डमध्ये ही गोष्ट बसत नाही. त्याने मेहनत केली आणि ते परत मिळालं नाही.

पण लुरियाने ते नाव उगाच दिलं असेल असं वाटत नाही. जखमेच्या आधी झासेत्स्कीचं एक आयुष्य होतं. ते सरकारने मागून घेतलं आणि गोळीने संपवलं. नंतरचं आयुष्य त्याला कुणी दिलं नाही. ते त्याने एकेका चिठोऱ्यावर, एकेका शब्दाने स्वतः तयार केलं. रोज सकाळी उठून टेबलाशी बसायला एक कारण असणं, हेच त्याचं परत मिळालेलं जग. बरं होण्याची ही व्याख्या डॉक्टरी नाही, पण खोटीही नाही. घरात कुणाला पक्षाघात होऊन गेला असेल तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. "आता पूर्वीसारखे झाले का?" हा प्रश्न सगळे विचारतात. "आता दिवसभर काय करतात?" हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि बहुतेक वेळा महत्त्वाचा तोच असतो.

लुरिया १९७७ मध्ये गेला. झासेत्स्की १९९३ मध्ये. ज्या देशाने त्याला थर्ड इयरनंतर उचलून नदीकाठी पाठवलं होतं, तो देश त्याच्या दोन वर्षं आधी, १९९१ मध्ये, संपला. वह्यांच्या शेवटी शेवटी झासेत्स्की स्वतःच्या आजाराबद्दल लिहिता लिहिता भलत्याच विषयाकडे वळतो. युद्धं नसती तर जग केव्हाच छान झालं असतं आणि माणसाने आपली सगळी ताकद अवकाशाकडे लावली असती, अशा अर्थाचं काहीतरी.

स्वतःच्या गल्लीत रस्ता चुकणारा माणूस हे लिहीत होता. अर्धवट राहिलेला का होईना, इंजिनिअर होता शेवटी.